वाचकांचे प्रश्न : मागच्या चाकांसाठी कोणते डिफरन्शियल?

प्रश्न : माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, टर्बो पेट्रोल इंजिनाची, सुमारे २५० अश्वशक्तीची सेडान आहे. रोजचे जळगाव-भुसावळ, महिन्यातून एकदा कन्नडचा घाट आणि वर्षातून एक-दोनदा कोइम्बतूरचा ट्रॅक, असा तिचा वापर आहे. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतल्या बाजूचे मागचे चाक जागीच फिरते. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, बदलून एका चाकाचे जागीच फिरणे रोखणारे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घ्यायचे ठरवले आहे. मित्र टू-वे क्लच प्लेटचे सुचवतो, तर गॅरेजवाले सध्याच्या डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून देतो म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : वेल्डिंगचा विचार आधी मनातून काढून टाकावा. तसे केल्यास दोन्ही चाके कायमची एकमेकांना जखडली जातात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, ते त्याला मोकळेपणाने कापता येत नाही, मग टायर फरपटतात, ॲक्सलवर ताण येतो आणि पावसात ओल्या डांबरावर गाडीची मागची बाजू केव्हा सुटेल याचा नेम राहत नाही. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. काळ्या मातीच्या चिखलात ट्रॅक्टरचे एक चाक फिरू लागले की तो डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो आणि बांधाशी वळण्याआधी त्यावरचा पाय काढतो. वेल्ड केलेल्या गाडीत पाय काढण्याची ही सोयच उरत नाही.

आता खऱ्या निवडीकडे येऊ. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते, त्यामुळे वजन बाहेर झुकून हलके झालेले आतले चाक जेवढा टॉर्क पेलते, तेवढ्यावरच भक्कम टेकलेल्या बाहेरच्या चाकालाही भागवावे लागते. हेलिकल गिअरच्या डिफरन्शियलमध्ये तिरप्या दातांचे गिअर भार येताच हाऊसिंगवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्तीचा टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे वळतो. त्याचे गुणोत्तर, म्हणजे कमी पकडीच्या चाकाच्या किती पट टॉर्क दुसऱ्याला देता येतो तो आकडा, २.५ असेल आणि आतले चाक २०० न्यूटन-मीटर पेलत असेल, तर बाहेरच्याला ५०० पर्यंत मिळू शकतात. मात्र आतले चाक हवेत उचलले गेले तर शून्याची अडीचपट शून्यच होते. क्लच प्लेटच्या डिफरन्शियलमध्ये एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटा दोन्ही चाकांना जोडू पाहतात, आणि त्यांच्यावर स्प्रिंगचा मुळातला दाब, म्हणजे प्रीलोड, असल्याने तिथेही काही टॉर्क दुसऱ्या चाकाला मिळतोच.

म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे : तुमचे चाक उचलले जाते, की टेकलेले असूनच फिरते? पुढच्या वेळी ट्रॅकवर मित्राला सुरक्षित अंतरावर उभे करून मोबाइल जमिनीलगत धरायला सांगा आणि ते चित्रण सावकाश चालवून पाहा. टायरखाली उजेडाची फट दिसली तर क्लच प्लेटच्या बाजूने वजन पडते. न दिसल्यास हेलिकलच घ्यावे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस गाडी साध्या रस्त्यावरच धावणार असेल तर हेलिकलचा शांतपणा व कमी देखभाल यांना मी मोठे मोल देतो.

क्लच प्लेटचा टू-वे प्रकार ॲक्सिलरेटर दाबल्यावर जसा आवळतो, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र फिरवू पाहतो, तसाच सोडल्यावरही आवळतो. ट्रॅकवर जोरात ब्रेक लावताना त्याने मागची बाजू स्थिर राहते हे खरे. पण कन्नड घाटाच्या अरुंद वळणात शिरताना तीच गाडी सरळ जाऊ पाहते, आणि पार्किंगमध्ये हळू वळवताना मागून कटकट ऐकू येते. क्लच प्लेटचेच घ्यायचे झाले तर वन-वे किंवा वन-पॉइंट-फाइव्ह-वे पाहावे. पहिला केवळ ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवळतो, दुसरा सोडल्यावर थोडासाच. प्लेटा झिजतात, त्यांना फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांचे घर्षण जुळवणारे द्रव्य, असलेले तेल लागते, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ट्रॅकवर गाडी पळवल्यावर ते तेल लवकर बदलणे मी आवश्यकच मानतो.

बसवणाऱ्याची निवडही तितकीच जपून करावी. डिफरन्शियल बदलताना क्राऊन-पिनियन या गिअरजोडीचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजावा लागतो आणि दातांना रंग लावून तो नेमका कुठे उमटतो ते पाहावे लागते. हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये, कारण ही चूक पुढे हूं-हूं आवाजाने आणि शेवटी तुटलेल्या दातांनी बाहेर येते. बदल केल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे.

प्रश्न : जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेताना तिच्यात लिमिटेड-स्लिप आहे की नाही, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : पुढच्या चाकांना अडण लावून मागची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत, गाडी स्टँडवर नीट टेकवावी, न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक सोडावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक त्याच दिशेला फिरले तर आत चांगल्या प्रीलोडच्या क्लच प्लेट असण्याची शक्यता मोठी. ते उलट दिशेला फिरले तर डिफरन्शियल साधे असेल. पण प्रीलोड नसलेले हेलिकल आणि प्लेटा झिजलेले लिमिटेड-स्लिपही असेच वागते, म्हणून विकणाऱ्याकडे बसवल्याचे बिल मागावे आणि हाऊसिंगवरची पट्टी किंवा कोरलेला क्रमांक स्वतः वाचावा.