टी-रेक्सचं वजन ५ टन, ८ टन की १५ टन? घरी मोजून दाखवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत राहता, मुलगी सातवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला टी-रेक्सचं वजन मांडायचंय. पण एकीकडे ५ टन लिहिलंय, दुसरीकडे ८, तिसरीकडे १५, आणि स्पायनोसॉरस या दुसऱ्या शिकारी डायनोसॉरला तर २०. खरं कुठलं, आणि घरी काही करून दाखवता येईल का?

येईल, आणि खर्चही फारसा नाही. आधी आकड्यांचा घोळ सोडवू. तुर्भ्याच्या मार्केटात ट्रक एकदा भरलेला आणि एकदा रिकामा काट्यावर चढवतात. वजाबाकी केली की मालाचं वजन कळतं. डायनोसॉरची उरलीत ती दगड झालेली हाडं. ती तोलून प्राण्याचं वजन निघत नाही. म्हणून अभ्यासक दोन वाटांनी जातात: हाडाच्या जाडीवरून, किंवा अख्ख्या शरीराच्या आकारमानावरून.

पहिली वाट मांडीच्या हाडाची. टी-रेक्स दोन पायांवर चालायचा, म्हणजे सगळा भार दोन मांड्यांवर. भार वाढला की हाड जाड व्हावंच लागतं. लांबीवर जाऊ नका, ती फसवते: जायगॅनोटोसॉरस या दुसऱ्या मोठ्या मांसाहारी डायनोसॉरचं मांडीचं हाड १.४३ मीटर, शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ‘सू’ या टी-रेक्सचं साधारण १.३ मीटर, पण सूचा सांगाडा जास्त दणकट आहे. मोजायचा तो हाडाच्या मधल्या भागाचा सगळ्यात कमी घेर, टेप हाडाला काटकोनात धरून.

हिशेब असा. घेर मिलिमीटरमध्ये घ्या, कॅल्क्युलेटरवर त्याचा लॉग काढा, २.७५४ ने गुणा, ०.६८३ वजा करा आणि १० चा तितकावा घात घ्या. येईल ते वजन ग्रॅममध्ये. बटण ‘लॉग’चंच दाबा, शेजारचं नैसर्गिक लॉगचं दाबलंत तर उत्तर भलतंच येतं. सूच्या हाडाचा घेर ५८० मिमी. ५८० चा लॉग २.७६३४, म्हणून वजन ८,४६२ किलो. कॅनडातल्या ‘स्कॉटी’चा घेर ५९० मिमी, वजन ८,८७० किलो. घेरात फक्त १० मिमीचा फरक, वजनात ४०८ किलोंचा! २०१९ साली ‘स्कॉटी जगातला सगळ्यात वजनदार टी-रेक्स’ अशा बातम्या आल्या, त्या याच १० मिमीच्या जोरावर. पद्धतीची स्वतःची चूक साधारण २५ टक्के धरतात, म्हणजे सूचं वजन ६.३ ते १०.६ टनांमध्ये कुठेही असू शकतं. मी तरी त्या मथळ्यावर पैज लावणार नाही.

५ टनांच्या आसपासचे आकडेही असेच येतात. १९८५ साली याच घेरावरून एक जुनं सूत्र निघालं होतं. त्यात ५८० घातले की ५.६ टन येतात. हाड तेच, सूत्र वेगळं. शिवाय अमेरिकी टन ९०७ किलोंचा असतो हेही ध्यानात ठेवा. त्यांचे ९ टन म्हणजे आपले जेमतेम ८.२. घोळ वाढवायला एवढंही पुरतं.

हे सूत्र तिला कोंबडीवर तपासता येईल. चिकनवाला कोंबडी जिवंत तोलतो तेव्हाच वजन लिहून घ्या आणि एक पाय न तोडता अखंड मागा. लेगपीसमध्ये दोन लांब हाडं असतात. मुठीत धरून खातो ते पोटरीचं. आपल्याला त्याच्या वरचं, कमरेला जोडलेलं हवं. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. हाड उकळून स्वच्छ करा, मधल्या सगळ्यात बारीक भागाला शिवणाचा दोरा एक वेढा घाला, पेनाने खूण करा आणि दोरा पट्टीवर मोजा. २८ मिमी आले तर सूत्र २,००७ ग्रॅम सांगतं, २७ मिमी आले तर १,८१५. म्हणजे १ मिमीची चूक जवळजवळ २०० ग्रॅमची. ताणला जाणारा लोकरीसारखा दोरा म्हणूनच नको. पाच वेळा मोजून सरासरी घ्या. आणि शक्यतो गावरान कोंबडी पाहा: ब्रॉयलर सहाएक आठवड्यांत मांस चढावं म्हणून तयार केलेली जात आहे, हाड आणि वजन यांचा नैसर्गिक मेळ तिच्यात राहिलेला नाही. तरी ब्रॉयलरच मिळाली तर दोन्ही आकडे तक्त्यावर लिहा. सूत्र कुठे चुकतं हेही परीक्षकांना दिसू द्या.

दुसरी वाट आकारमानाची, आणि मुलांना हीच जास्त आवडते. प्लॅस्टिकचा टी-रेक्स घ्या, जितका मोठा तितका बरा. पाकिटावरच्या स्केलवर विश्वास ठेवू नका. नाकाच्या टोकापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा लावून लांबी मोजा. सू १२.३ मीटर लांब आहे. मॉडेल ३०.७५ सेंमी भरलं तर ते ४० पटींनी लहान, म्हणून आकारमानाची पट ४० × ४० × ४० = ६४,०००. लांबी मोजताना १ सेंमी चुकलात तर वजन १० टक्क्यांनी हलतं.

आता १० किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर टबात पाणी ठेवून काटा शून्य करा. मॉडेल दोऱ्याला टांगून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर पाणी बाजूला सरलं. भरलेल्या बादलीतून सांडलेलं पाणी मोजण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं, कारण बादलीच्या कडेवरच बरंच पाणी फुगून राहतं. मॉडेल पोकळ असेल तर तरंगेल. विणायच्या सुईने जेमतेम पाण्याखाली दाबा, आकडा तोच येतो. आधी पोटाखालची भोकं एम-सीलने बुजवा. दातांत आणि काखेत बुडबुडे अडकतात, त्यासाठी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाका.

समजा १४५ ग्रॅम दिसले. गुणिले ६४,००० म्हणजे ९,२८० लिटर. पण हे वजन नव्हे! फुप्फुसं, पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या आणि पोकळ मणके यांमुळे शरीर पाण्यापेक्षा हलकं असतं. घनता ०.९ धरली तर ८,३५२ किलो, ०.८५ धरली तर ७,८८८. साडेचारशे किलोंचा फरक केवळ हवेचा.

मॉडेल छोटं असेल तर चूक फुगते. २०.५ सेंमीचं म्हणजे ६० पट लहान. तिथे काट्यावरचा १ ग्रॅम म्हणजे २१६ लिटर.

खरी अडचण मात्र मांसाची. खेळण्यातला डायनोसॉर उभा राहावा म्हणून त्याचे पाय जाड करतात आणि शेपूट उगाच बारीक, तर खऱ्या प्राण्यात शेपटीच्या मुळाशी मांडी मागे ओढणारा भलामोठा स्नायू होता. बरगड्याही जमिनीखाली चेपलेल्या सापडतात. त्या किती फाकवून बसवायच्या त्यावर छातीचा पिंपासारखा घेर ठरतो. फील्ड म्युझियमने २०१८ साली सूचा सांगाडा नव्याने मांडला, तेव्हा पोटाखालच्या बारीक बरगड्याही जोडल्या आणि सू एकदम जाडजूड दिसू लागली. तुमच्या मॉडेलला शेपटीच्या मुळाशी आणि पोटाला पाण्यात न विरघळणारी क्ले लावून पुन्हा बुडवा. क्लेचा १ मिलिलिटर म्हणजे ६४ लिटर मांस. सडपातळ आणि जाड असे दोन आकडे आले की तिला स्वतःचा पल्ला मिळाला.

राहिले १५ टन. ते कुठल्याही सापडलेल्या सांगाड्याचं वजन नाही. २०२४ साली मॅलन आणि होन या अभ्यासकांनी संगणकावर टी-रेक्सची अख्खी लोकसंख्या मांडून, लाखो-करोडो प्राण्यांतला सगळ्यात मोठा किती भरेल याचा अंदाज काढला, तो हा आकडा. तक्त्यावर सूच्या शेजारी तो लिहूच नका. लिहायचं ते असं: नमुना सू, पद्धत मांडीच्या हाडाचा घेर, साधारण ८.५ टन, २५ टक्के कमी-जास्त. खाली पाण्यातला आकडा.

आणि स्पायनोसॉरसचे २० टन? इजिप्तमध्ये सापडलेला त्याचा मूळ सांगाडा जर्मनीत म्युनिकला ठेवला होता, तो १९४४ मध्ये तिथल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. २००७ साली कवटीच्या लांबीवरून १२ ते २१ टनांचा अंदाज निघाला. पण त्याचा जबडा मगरीसारखा लांब आणि अरुंद; तशा कवटीला आखूड तोंडाच्या शिकाऱ्यांचं प्रमाण लावलं की अंग फुगणारच. मांडीच्या घेराचं सूत्रही इथे चालवू नका, कारण त्याचे मागचे पाय शरीराच्या मानाने तोकडे आहेत. २०२२ च्या त्रिमितीय मॉडेलमध्ये तो १४ मीटर लांब आणि सुमारे ७.४ टनांचा निघाला, म्हणजे सूपेक्षा लांब आणि बहुधा हलका.