भट्टीला दोष देण्याआधी: मातीकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत तडे आणि फुटाफूट यांचेच प्रश्न जास्त आहेत, आणि बहुतेकांनी खापर भट्टीवर फोडलंय. भट्टीची चूक क्वचितच असते. ओट्यावर राहून गेलेलं ती फक्त उघडं पाडते.

जुलैत बिस्कची, म्हणजे कच्ची भांडी पहिल्यांदा भाजायची, भट्टी लावली. बारापैकी चार भांडी फुटली, त्यात एक फुलदाणी तर चुरा. माती नीट मळली नव्हती, हवेचे बुडबुडे राहिले, असं क्लासमध्ये सांगितलं. महिनाभर वाळवलेली भांडी होती. (वाचक, डोंबिवली)

बुडबुड्यांची ही समजूत स्टुडिओ-स्टुडिओत ऐकू येते. कच्ची माती सच्छिद्र असते, त्यामुळे तापलेली हवा वाट काढून निघून जाते. भांडं फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते, आणि ती जाड भिंतीतून पुरेशा वेगानं बाहेर पडू शकली नाही की भिंतच उडवते. बुडबुडा असतो तिथे सहसा भिंतही जाड असते आणि ओलही दडून राहते. म्हणून आळ त्याच्यावर येतो.

आता ‘महिनाभर वाळवलेली’ याबद्दल. माती आजूबाजूच्या हवेइतकीच वाळते. कोकणपट्टीत जुलैची हवा दमट, मग भांडं महिना ठेवा की दोन, थोडी ओल आत राहणारच. दोन दिवस लागोपाठ वजन केलं आणि ते सारखं भरलं, तर भांडं हवेइतकं कोरडं झालं एवढंच कळतं. बूड गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून पाणी उडतंय.

पावसाळ्यात उरलेलं वाळवण भट्टीतच करायचं. झाकण दोन-तीन सेंटीमीटर उघडं, वरचं भोक मोकळं आणि तापमान 80 ते 90 अंश सेल्सिअस. उकळबिंदूच्या खाली राहायचं, हे महत्त्वाचं. पातळ कपांना तीन-चार तास पुरतात. दीड सेंटीमीटरपेक्षा जाड काम असेल तर रात्रभर ठेवा. पुढे जायच्या आधी भोकाशी थंड आरसा धरा. त्यावर धुकं आलं तर झाकण लावू नका. त्यानंतर 600 अंशांपर्यंत ताशी शंभरपेक्षा जास्त चढवू नका, कारण 350 ते 600च्या दरम्यान मातीच्या रचनेत बांधलेलं पाणीही सुटतं.

तुकडे फेकून देऊ नका, ते वाचता येतात. पृष्ठभागाचे पापुद्रे उडून उथळ खळगे पडले असतील किंवा चुरा झाला असेल, तर ते वाफेचं काम. लांब, सरळ, धारदार कडांचा एकच तडा असेल तर भांडं घाईनं गार झालं. मातीतला क्वार्ट्झ 573 अंशांना एकदम आकार बदलतो आणि तिथे थंड हवेचा झोत चालत नाही. भट्टी शंभराच्या खाली आल्यावरच उघडा.

चाकावर केलेल्या वाट्यांच्या बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. भिंती मात्र छान. (वाचक, पुणे)

भिंत उचलताना बोटांच्या दाबानं माती घट्ट होत जाते, बूड मात्र तसंच सैल राहतं. शिवाय आत साचलेलं पाणी ते पीत बसतं. मग वाळताना बूड भिंतीपेक्षा जास्त आकसतं आणि मधोमध फाटतं.

गोळा मधोमध बसवताना दोन-तीनदा शंकूसारखा वर चढवून पुन्हा खाली दाबा. उघडल्यावर बूड कडेकडून मध्याकडे आणि परत कडेकडे, बोटांनी किंवा लाकडी पट्टीनं चार-पाच वेळा दाबून घ्या. भिंत उचलून झाली की काठीला बांधलेल्या स्पंजानं आतलं पाणी टिपा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. बुडाची जाडी भिंतीइतकीच, पाच-सहा मिलिमीटर ठेवा. काठ स्वतःचा भार पेलू लागला की वाटी पालथी घाला, म्हणजे बुडालाही हवा लागेल.

आपल्याकडचा कुंभार माठाचं बूड चाकावर पुरं करतच नाही. माती थोडी आवळल्यावर आतून टणक गोळा धरून बाहेरून थापीनं ठोकतो आणि बूड मिटवतो, फुगवतो. प्रत्येक ठोक्यासरशी माती दाबली जाते. माठाच्या बुडाला ही चीर का दिसत नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

मगाचा कान वाळताना निखळतो. स्लिप (पातळ कालवलेली माती) भरपूर लावतो. (वाचक, नाशिक)

भरपूर लावता म्हणूनच. स्लिप म्हणजे पाणीच जास्त, ती सगळ्यात जास्त आकसते. कान आणि मग दोन्ही लेदर-हार्ड, एकाच ओलीचे हवेत. म्हणजे नख उमटेल पण बोटानं वाकणार नाही. दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा ओढा, पातळ थर लावा, दाबून किंचित फिरवा. मग दोन दिवस सैल प्लॅस्टिकखाली ठेवा. उघडं ठेवलं तर बारीक कान आधी वाळतो आणि सांध्याला ओढ बसते.

गावाकडच्या शेतातली काळी माती आणली आहे. तिची भांडी करून स्टुडिओच्या भट्टीत भाजता येतील का? (वाचक, सोलापूर)

जशीच्या तशी नाही. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण पाणी फार पिते आणि वाळताना तितकीच आकसते. शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेच कपाचं होतं. नदीकाठचा पोयटा किंवा तळ्याचा गाळ बरा. कुंभार त्यातही राख आणि घोड्याची लीद मिसळतो. राख आकसणं कमी करते. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्यांमुळे वाफेला वाट मिळते आणि माठ पाझरून पाणी गार होतं.

दुसरी अडचण चुनखडीची. काळ्या मातीत तिचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो. तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि आठवड्याभरानं, कधी महिन्यानं, धड दिसणाऱ्या भांड्याची खपली उडवतो. खपलीच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की चोर सापडला. सुक्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहा, फसफसलं तर चुनखडी आहे.

माती उन्हात वाळवून फोडा, रात्रभर भिजवा, 80 मेशच्या (इंचाला 80 भोकांच्या) चाळणीतून गाळा आणि सुती कापडात टांगून आटवा. दहा सेंटीमीटरची खूण केलेली पट्टी करून वाळवा. खूण 9.2 भरली तर आकसणं आठ टक्के. दहाच्या वर गेलं तर बारीक वाळू घालून पुन्हा पट्टी करा.

स्टुडिओत विचारल्याशिवाय ही माती स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला पक्क्या भाजणाऱ्या मातीच्या, भट्टीत कधीही ठेवू नका. 1200 अंशांच्या वर ती वितळते आणि भट्टीतल्या फळीला चिकटून फळी वाया घालवते. चाचणीचा तुकडा बिस्कमध्ये, 1000 अंशांच्या आसपास, आणि तोही स्टोनवेअरच्या जुन्या बशीत ठेवून भाजा.

भाजलेला मग दहा सेंटीमीटर उंच हवा असेल तर ओला किती करायचा? (वाचक, ठाणे)

आकसणं 12 टक्के असेल तर 10 भागिले 0.88, म्हणजे जवळपास 11.4 सेंटीमीटर. दहामध्ये बारा टक्के मिळवून 11.2 काढणं ही नेहमीची चूक. टक्के ओल्या मापाचे असतात.

कपाच्या ग्लेझवर (काचेसारख्या लेपावर) केसासारख्या बारीक रेघांची जाळी आली आहे. त्यातून चहा प्यावा का? (वाचक, कोल्हापूर)

गार होताना ग्लेझ आतल्या मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणलं जातं आणि तडकतं. थर पातळ करा. ग्लेझ तुम्हीच कालवत असाल तर सिलिका (गारेची पूड) पाच टक्क्यांनी वाढवून चाचणीचा तुकडा भाजा.

प्यावा की नाही, हे आतल्या मातीवर ठरतं. बिनग्लेझचा, त्याच भट्टीत भाजलेला तुकडा वजन करून दोन तास पाण्यात उकळा, पुसून पुन्हा वजन करा. 300 ग्रॅमचा 303 झाला तर एक टक्का, काळजी नको. 320 झाला तर दुधाचा चहा जाळीतून आत मुरणार आणि चार दिवसांत कपाला वास मारणार. त्यात पेन्सिली ठेवा. शिसं असलेलं ग्लेझ मात्र खाण्यापिण्याच्या भांड्याला, माती कितीही पक्की असली तरी, लावायचं नाही.

घरच्या सिंगल फेजवर भट्टी चालेल का? बिल किती येईल? (वाचक, सातारा)

साडेतीन किलोवॅटची छोटी भट्टी सुमारे 15 अँपिअर ओढते. गिझरच्या 16 अँपिअरच्या प्लगवर ती काठावर बसते, म्हणून तिला वेगळी लाइन द्या. सहा किलोवॅटची भट्टी 26 अँपिअर घेते. तिला जाड तार, 32 अँपिअरचा एमसीबी, आणि मंजूर भार पुरतो का हे वीज कार्यालयात आधी विचारणं, तिन्ही हवंच. नऊ तासांना जास्तीत जास्त 54 युनिट. कंट्रोलर मधूनमधून वीज तोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी.

स्टुडिओ झाडायला कोणता झाडू चांगला? (वाचक, पणजी)

कोणताच नाही. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते. झाडल्यावर तिचे सगळ्यात बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात आणि वर्षानुवर्षं फुप्फुसात साचतात. त्यानं होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. ओट्यावर आणि फरशीवर ओला स्पंज फिरवा, दिवस संपताना, माती सुकण्याआधी. सुकं भांडं घासायचंच असेल तर ओल्या स्पंजानं घासा, आणि ग्लेझची पावडर तोलताना एन-95 मास्क लावा. अ‍ॅप्रन घरच्या कपड्यांत धुऊ नका.