टायर प्रेशरचा दिवा सकाळी लागतो आणि दुपारी विझतो: सेन्सर बदलण्याआधी हे करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेच्या दाबाचा आकडा 33 पीएसआय लिहिलाय. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी गाडी काढली की टायर प्रेशरचा दिवा लागतो आणि अर्ध्या तासात आपोआप विझतो. पंपावर दोनदा तपासून घेतलं, तर ‘32 होती, एक भरली’ एवढंच उत्तर मिळालं. आता वर्कशॉप चाकांमधले, दाब मोजणारे चारही सेन्सर बदला म्हणतंय.

बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. या लक्षणांवरून दिवा खरं सांगतोय आणि पंपावरचा आकडा तुम्हाला फसवतोय.

स्टिकरवरचे 33 हे गार टायरचे असतात. गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. टायर तापला की आतल्या हवेचा दाब वाढतो, निवला की उतरतो. या दाबाला हिशेब साधारण सहा अंश सेल्सिअसला एक पीएसआय असा बसतो.

आता तुमच्या गाडीचं गणित मांडू. भर दुपारी, गाडी चालवून तुम्ही पंपावर गेलात. टायरमधली हवा 50 अंशांवर, त्यात 33 भरली. पहाटे पारा 10 अंशांवर आला की त्याच टायरमध्ये 27 उरतात. कुठेही पंक्चर नसलं तरी टायरमधून महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच, म्हणजे 26. पुष्कळ गाड्यांमध्ये ठरलेल्या दाबापेक्षा 20 ते 25 टक्के कमी झालं की दिवा लागतो. 33 चे 20 टक्के काढून टाकले की आकडा साडेसव्वीसच्या आत येतो, आणि तुमचे 26 त्याच्याही खाली, म्हणून दिवा लागला. गाडी चालली, टायर तापले, दाब दोन-तीन पीएसआय वर गेला, दिवा विझला. तुम्ही पुन्हा पंपावर पोचलात तेव्हा तोच 26 वाला टायर 50 अंशांवर बरोबर 32 दाखवतो. पंपावरच्या माणसाने एक भरली आणि पाठवलं. त्याचं चुकलं नाही, मोजायची वेळ चुकली. हे चक्र थंडीभर असंच फिरत राहतं, आणि तेवढे दिवस रोज सकाळी तुम्ही सहा-सात पीएसआय कमी असलेल्या टायरवर गाडी पळवता.

म्हणून पहिलं काम स्वतःचं गेज घेणं. साधं डिजिटल गेज पुरतं, पण नेहमी तेच वापरा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. पंपाच्या नळीवरची गेजं आपटून आपटून दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे झालेली असतात. सकाळी ऊन पडायच्या आधी चारही टायर मोजा. एका बाजूला ऊन असेल तर त्या बाजूचे टायर दोन पीएसआय जास्त दाखवू शकतात आणि उगाच शंका येते. गेज व्हॉल्व्हवर तिरकं बसलं की ‘फुस्स’ आवाज येतो आणि आकडा कमी येतो. सरळ, एका झटक्यात दाबायचं, आवाज थांबला की वाचायचं. दोनदा मोजून सारखं आलं तरच लिहून ठेवा.

घरी कॉम्प्रेसर असेल तर तिथल्या तिथे गार टायरमध्ये 33 भरा, प्रश्न मिटला. नसेल तर सकाळी प्रत्येक टायरची तूट लिहून घ्या. समजा पुढचा डावा 27 आहे, तर तूट 6. पंपावर तोच टायर तापून 32 दाखवत असेल तर 38 पर्यंत भरून घ्या. 38 ऐकून पंपावरचा माणूस बिचकेल, पण तुम्ही ठाम राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार मोजा आणि एखादा पीएसआय जास्त निघाला तर तेवढी हवा सोडून द्या. उलट गोष्ट मात्र कधीही करू नका: लांबच्या प्रवासात तापलेला टायर 37-38 दाखवतोय म्हणून हवा सोडणं. निवल्यावर तो टायर कमी हवेचा झालेला असतो. कमी हवेने बाजूच्या भिंती जास्त वाकतात, उष्णता साठते, आणि वेगात टायर फुटण्याचं मोठं कारण तेच असतं.

भरायचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवरूनच घ्या. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीची शिफारस नव्हे. दिवा लागूच नये म्हणून काहीजण सरसकट 40 भरून ठेवतात. तसं केलं की टायर मधोमध झिजतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर वाढतं. पूर्ण प्रवासी आणि सामान असेल तर मात्र पुष्कळ गाड्यांच्या स्टिकरवर वेगळा, वरचा आकडा दिलेला असतो, मागच्या टायरसाठी बहुधा बराच वरचा. तो आवर्जून पाळा.

हवा भरूनही डॅशबोर्डवर जुनाच आकडा दिसला तर घाबरू नका. गाडी उभी असताना बॅटरी वाचवायला सेन्सर झोपलेले असतात. ताशी तीसच्या वर पाच-दहा मिनिटं चालवलं की ते जागे होतात आणि नवा आकडा येतो. ‘पुरेशी भरली तरी दिवा जात नाही’ अशा तक्रारींपैकी कितीतरी इथेच संपतात.

आता खरी गळती ओळखायची कशी? सलग सात दिवस गार आकडे लिहा. चारही टायर सारखेच उतरत असतील तर ते हवामान. तिघं जागेवर आणि एकटा रोज अर्धा-एक पीएसआय खाली येत असेल तर तिथे गळती आहे, मग दिवा लागो वा न लागो. त्या टायरमध्ये पूर्ण दाब भरून स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारा. आधी व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर एक थेंब ठेवा. पिन गळत असेल तर त्या थेंबाचा फुगा हळूहळू मोठा होत जातो. मग व्हॉल्व्हचं बूड, मग ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग), शेवटी रिम आणि टायर भेटतात ती कड, दोन्ही बाजूंनी. कडेची गळती चटकन दिसत नाही. मिनिट-दोन मिनिटं टक लावून पाहा, बारीक पांढरा फेस एकाच जागी साचू लागतो. अलॉय रिम गंजून खडबडीत झाली की हे होतं. त्यावर उपाय एकच: टायर उतरवून रिमची बसायची जागा घासून साफ करणं.

यंत्रणेतच बिघाड असेल तर दिवा वेगळं बोलतो. चावी फिरवल्यावर तो मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर एखादा सेन्सर संपर्कात नाही. तुमचा दिवा तसा लुकलुकत नाही, हे महत्त्वाचं. लुकलुकण्याची नेहमीची कारणं म्हणजे सेन्सरची आतली बॅटरी संपणं (ती पाच ते दहा वर्षं टिकते आणि बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो), सेन्सर नसलेली स्टेपनी लावणं, किंवा टायर काढताना मशिनच्या पट्टीने सेन्सर तुटणं. पंक्चरचं द्रव ओतल्यावर सेन्सरचं बारीक छिद्र बुजू शकतं आणि मग तो खरोखरच खोटे आकडे देतो.

टायरची अदलाबदल केल्यावर ‘मागचा उजवा कमी’ असं दिसून प्रत्यक्षात पुढचाच कमी निघाला, तर सेन्सरची नवी जागा गाडीला शिकवायची राहिली आहे.

काही गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतातच. तिथे एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे मोजतं. कमी हवेचं चाक किंचित लहान होतं म्हणून ते इतरांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून अंदाज बांधला जातो. यात दाबाचा आकडा दिसत नाही, आणि चारही टायर सारखेच उतरले तर ही यंत्रणा गप्प बसू शकते. एकच नवा टायर टाकला की मात्र तिला विनाकारण शंका येते. इथे चारही टायर गार असताना बरोबर भरून मगच रीसेटचं बटण दाबायचं. आधी दाबलं, तर कमी हवाच तिला योग्य वाटू लागते.

व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे बाहेरचे सेन्सर लावले असतील तर खालची सूचना 28 आणि वरची 42 च्या आसपास ठेवा. वरची 36 ठेवली की दुपारी हायवेवर ते ओरडणारच. त्यांची रबरी वायसर चेपली की तिथूनच हवा जाते, तेव्हा साबणाचा थेंब तिथेही लावून बघा.

घाटमाथ्यावर मुक्कामी असताना हवा भरून खाली उतरलात तर हजार मीटरला सुमारे दीड पीएसआय कमी दिसतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब वाढतो. तोही बिघाड नव्हे.

नायट्रोजनबद्दलही तुम्ही विचारलं होतं. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. वेगळा भरलेला नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, हा फायदा खरा. पण थंडीत दाब तोही तसाच सोडतो, त्यामुळे सकाळचा दिवा त्याने जाणार नाही.

पुढे कधी सेन्सर बदलायची वेळ आलीच, तर आधी स्कॅनरवर चारही सेन्सर तपासून कुठला उत्तर देत नाही ते बघायला सांगा आणि तेवढाच बदला. नवा घेताना फ्रिक्वेन्सी जुन्याशी जुळली पाहिजे: 433 मेगाहर्ट्झच्या गाडीला 315 चा सेन्सर ऐकूच येत नाही. सेन्सर चांगला असला तरी टायर बदलताना दरवेळी त्याची रबरी सील, नट आणि पिन नवी घाला. आणि ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी लावू नका. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात आणि टोपी काढताना व्हॉल्व्हच मोडून हातात येतो. प्लॅस्टिकची टोपी लावा, आतल्या सीलसकट.