घरच्या कॉम्प्युटरवर मायनिंग करून पैसे सुटतात का?

प्रश्न: माझा डेस्कटॉप रात्रभर नुसता पडून असतो. मित्र म्हणतो मायनिंगचं सॉफ्टवेअर टाक आणि झोप, बिटकॉइन आपोआप जमा होतात. खरंच काही सुटेल का?

उत्तर: नाही सुटणार. मित्र सांगतोय ते २००९-१० सालचं, तेव्हा साध्या प्रोसेसरवर मायनिंग व्हायचं, म्हणजे कॉम्प्युटरने गणिती कोडं सोडवून व्यवहारांचा एक गठ्ठा (ब्लॉक) नोंदवायचा, आणि अशा एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळायचे. मग लोकांनी ग्राफिक्स कार्डं जुंपली आणि २०१३ पासून फक्त ह्याच कामाची असिक मशीन आली, तिथे घरचा कॉम्प्युटर संपला. आजचं एक चांगलं असिक सेकंदाला २०० लाख कोटी हॅश (कोड्याच्या उत्तराचे प्रयत्न) काढतं आणि तुमचा प्रोसेसर काही कोटी, म्हणजे असं एकच मशीन लाखो डेस्कटॉपना भारी, आणि अशा मशीनची गोडाऊनच्या गोडाऊन भरलेली आहेत. त्यात एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे मिळतात फक्त ३.१२५.

ग्राफिक्स कार्डवाल्यांचा आधार होता इथेरियम हे दुसरं डिजिटल चलन, पण सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी मायनिंगच बंद केलं. साध्या प्रोसेसरवर अजून चालतं ते मुख्यतः मोनेरो ह्या आणखी एका चलनाचं मायनिंग. ते मी स्वतः लावून बघितलंय. फॅन रात्रभर घरघरत राहतो, खोली तापते, सकाळी पूलच्या (मिळून मायनिंग करून कमाई वाटून घेणाऱ्या गटाच्या) पानावर शून्यानंतर शून्यं आणि शेवटी कुठेतरी एक आकडा दिसतो, आणि पूलने ठरवलेली किमान रक्कम जमेपर्यंत तेही पैसे हातात येत नाहीत.

आता विजेचं बघा. डेस्कटॉप फुल लोडवर २०० वॅट खात असेल तर चोवीस तासांत ४.८ युनिट, महिन्याला १४४ युनिट. तुमच्या बिलात युनिट कितीला पडतं त्याने गुणा आणि शेजारी महिन्याची मायनिंगची कमाई लिहा, बिलाचाच आकडा मोठा निघेल. लॅपटॉपवर तर लावूच नका, दिवसरात्र तापून बॅटरी आणि फॅन लवकर जातात.

एक मात्र कळकळीने सांगते, मित्र देतोय ते सॉफ्टवेअर कुठून आणलंय ते आधी विचारा. क्रॅक केलेल्या गेममधून, फुकटच्या टूलमधून लपवलेला मायनर येतो, मशीन तुमचं तापतं, वीज तुमची जाते आणि कॉइन दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये पडतात. कॉम्प्युटर काही काम नसतानाही तापत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून सीपीयू कोण खातंय ते आजच बघा.