अर्धा कोंबडा, पूर्ण शाकाहारी

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, ऑक्टोबरपासून जर्मनीत आखनला मास्टर्स करतेय. वर्गात आमचा सहा जणांचा ग्रुप जमलाय, दोन स्पॅनिश, एक तुर्की मुलगी, एक चिनी, एक चेन्नईचा आणि मी. दर शनिवारी कुठेतरी जायचं ठरतं. मजा येते, पण मी शाकाहारी, अंडं चालतं, दारू घेत नाही. गेल्या वेळी कोलोनला एका जुन्या बिअरहॉलमध्ये बसलो, मी फ्राईज आणि एक ॲपल ज्यूस घेतला, बिल सहात सारखं वाटलं आणि माझ्या वाट्याला २३ युरो आले. कुणाला काही बोलले नाही. आता परत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, नाही गेले तर एकटी पडेन असंही वाटतं. काय करू?

उत्तर : अगं, जाणं बंद करू नकोस, वाटणी बंद कर. तू ज्या देशात आहेस तिथे बिल द्यायची वेळ आली की वेटर स्वतःहून विचारतो, त्सुझामन ओडर गेट्रेंट, म्हणजे एकत्र की वेगवेगळं. तेव्हा पटकन गेट्रेंट म्हणायचं, बास. तो जाडं काळं पाकीट घेऊन एकेकाशेजारी उभा राहतो, तू काय खाल्लंस ते सांगायचं आणि तेवढेच द्यायचे, वर थोडे राउंड करून. यात कुणाला कंजूषपणा वाटत नाही, उलट जर्मन लोक लग्नाआधी काय लग्नानंतरही असंच बिल देताना मी पाहिलेत. लाज आपल्याला वाटते, कारण आपल्याकडे बिल आलं की दोन काका एकमेकांचे हात धरून मी देतो मी देतो करत उभे असतात.

आणि ते २३ युरो कुठून आले तेही सांगते. कोलोनच्या बिअरहॉलमध्ये कोल्श नावाची बिअर मिळते, ०.२ लिटरच्या उंच बारक्या ग्लासात, आणि तिथला वेटर, त्याला क्योबेस म्हणतात, तुमचा ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने एक रेघ मारतो. नको असेल तर ती चकती उचलून ग्लासावर झाकण ठेवल्यासारखी ठेवायची, ही तिथली खूण. तुझ्या स्पॅनिश मित्रांना ती माहीत नसणार, त्यामुळे ते गप्पा मारत राहिले आणि रेघा वाढत राहिल्या. पुढच्या वेळी बसल्या बसल्या माझी चकती वेगळी ठेव म्हण आणि त्यांनाही ही युक्ती सांग, तुझ्यावर खूश होतील. जाता जाता आणखी एक, कोलोनमध्ये बसून शेजारच्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या आल्टबिअरचं कौतुक करू नका म्हणावं, कोल्हापुरात बसून पुण्याची मिसळ भारी म्हटल्यासारखं होईल.

आता खायचं. मी २०१२ मध्ये आले तेव्हा तुझ्यासारखीच होते, मेनू समोर आला की घाम फुटायचा. पहिल्याच महिन्यात वर्गातल्यांबरोबर कोलोनला गेलो, मेनूत दिसलं हाल्व्हं हान, आणि हान म्हणजे कोंबडा एवढं जर्मन मला येत होतं, म्हणजे अर्धा कोंबडा, म्हटलं हे नको. त्याखाली होतं हिम्मल उन एअड, स्वर्ग आणि पृथ्वी, एकाने सांगितलं की पृथ्वी म्हणजे बटाटा आणि स्वर्ग म्हणजे झाडावरचं सफरचंद, मी म्हटलं वा, हे आपलं. ताट आलं. कुस्करलेला बटाटा होता, सफरचंदाचा गोळा होता, आणि त्यावर काळ्या रंगाच्या जाड चकत्या, परतलेला कांदा घातलेल्या. मला वाटलं वांगं असेल. शेजारच्याने वेळेत हात धरला म्हणून बरं, ती रक्ताची सॉसेज होती. मी नुसतं पाणी पीत बसले, आणि समोरच्या मुलाने मागवलेला अर्धा कोंबडा आला तर काय, राय ब्रेडचा पाव, त्यावर चीजचा हा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. कोंबडीचं पीसही नाही! म्हणजे त्या मेनूत जे शाकाहारी होतं ते मी कोंबडा समजून सोडलं आणि बटाटा समजून रक्त मागवलं.

तेव्हापासून मी नाव बघून ठरवत नाही, विचारते. वाक्य पाठ कर, इश एस्सं काइन फ्लाइश उंट काइनन फिश, मी मांस खात नाही आणि मासेही नाही. मासे वेगळे सांगावेच लागतात. आणि त्यानंतर एक जादाचा प्रश्न, मिट श्पेक? श्पेक म्हणजे डुकराचे बारीक तुकडे, ते परतलेल्या बटाट्यात, सॅलडमध्ये, कुठेही सापडतात आणि बऱ्याच लोकांच्या लेखी ते मांस नसतंच मुळी, चवीला घातलेलं असतं, आपण फोडणीत हिंग घालतो तसं. तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे रायबेकूखन, किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे, कुरकुरीत, उपासाच्या थालीपिठाच्या जवळचे, फक्त सोबत चटणीऐवजी सफरचंदाचा गोड गर देतात. पहिल्यांदा विचित्र लागेल, तिसऱ्यांदा तूच मागशील.

पण खरं सांगू का, सगळ्यात स्वस्त आणि बिनघोर काम म्हणजे डबा. तुर्की दुकानातून १०५० नंबरचं गव्हाचं पीठ आण, त्याच्या पोळ्या बऱ्या होतात, दशम्या तर उत्तम. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचे. कोलोनचा डोम, म्हणजे तिथलं भलंमोठं चर्च, तो स्टेशनातून बाहेर पडलं की अंगावरच येतो, १२४८ मध्ये बांधायला घेतला आणि १८८० मध्ये पुरा केला, म्हणजे सरकारी काम आपल्याकडेच लांबतं असं समजू नकोस, तर त्याच्या दक्षिणेकडच्या टॉवरला ५३३ पायऱ्या आहेत. त्या चढून उतरल्यावर पाय लटपटत होते, आम्ही तिथेच खाली बसलो आणि मी डबा उघडला. डब्यात बारा पुऱ्या होत्या, मला दोन मिळाल्या. पुढच्या शनिवारी मुलं कुठे जायचं हे विचारायच्या आधी डब्यात काय आहे ते विचारायला लागली, आणि कोरियन मुलगी तिचे भाताचे रोल आणायला लागली, एक रोल काकडी-गाजराचा, खास माझ्यासाठी. एकटी पडायची तुला जी भीती वाटतेय ना, त्यावर याहून चांगलं औषध मला सापडलेलं नाही.

जायचं कुठे हेही कधीतरी तू ठरव की. बऱ्याच विद्यापीठांत डॉइचलँड सेमिस्टर तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल-रीजनल गाड्या आणि बसचा पास, फीमध्येच धरलेलं असतं, तुझंही असेल तर आखनहून माँशाउची बस फुकटच पडते. तासाभराचा रस्ता, दरीत नदी, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांची काळीपांढरी घरं, आणि एक जुनी मोहरीची गिरणी, १८८२ पासूनची, आपण लोणच्याला मोहरी फेसतो तसाच नाकात जाणारा वास, पण चवींचे प्रकार इतके की चाखताना डोळ्यांतून पाणी येतं. नाहीतर फाल्सची टेकडी, जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एका दगडापाशी भेटतात, उंची ३२२ मीटर आणि डच लोकांच्या मुख्य भूमीवरचा तो सगळ्यात उंच माथा! अजिंक्यताऱ्यावर चढलेल्या सातारकरणीला हसूच येईल. या दोन्हीकडे हॉटेलात बसायची गरज नाही, डबा पुरतो.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा जर्मनीत इंजिनियरिंग शिकतो, आम्ही नाशिकला असतो. दर रविवारी त्याच्या स्टेटसला फोटो, नवा पूल, नवं चर्च, नवी डिश, सोबत चारपाच मुलंमुली. फीसाठी कर्ज काढलंय. विचारलं की म्हणतो आई अभ्यास चालू आहे. तो खरंच अभ्यास करतो का हे कसं कळणार?

उत्तर : काकू, तुमची काळजी समजते, पण रविवारचे फोटो बघून काळजी करू नका, रविवारी तिथे करायला दुसरं काही नसतंच. दुकानं बंद, किराणा बंद, घरात ड्रिल लावलं तर शेजारी तक्रार करतात, रिकाम्या काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायलाही बंदी, आवाज होतो म्हणून. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. बारा बाय बाराच्या खोलीत असा रविवार एकट्याने काढून बघा, त्यापेक्षा तो चार मुलांबरोबर पुलावर उभा आहे हे मला तरी बरं वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर त्याने पैसे ज्या ब्लॉक्ड अकाउंटला ठेवलेत त्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच निघते, २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा हिशेब ९९२ युरोचा आहे, तो गेला असेल त्या वर्षीचा आकडा थोडा वेगळा असू शकतो. त्यात भाडं, विमा, जेवण बसवायचं, म्हणजे उधळायला फार उरत नाही. हां, तो कामही करत असेल तर मग गोष्ट वेगळी, ते मोकळेपणाने विचारा.

अभ्यासाची खूण वेगळी आहे. तिथे बऱ्याच विषयांना सेमिस्टरच्या शेवटी एकच परीक्षा असते, फेब्रुवारीच्या आसपास आणि मग जुलैच्या, आणि बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी मिळतात, तिसऱ्यांदा नापास झालं की तो कोर्सच हातचा जातो. त्यामुळे जानेवारीत फोटो आपोआप बंद होतात. जानेवारीच्या शेवटीही तो दर रविवारी पुलावरच दिसला तर फोन करा. आणि फोटो बंद झाले की लगेच काय झालं रे बाळा म्हणून दिवसातून चारदा फोन करू नका, तेव्हा तो लायब्ररीत असतो.

प्रश्न : आम्ही पाच जण आखनहून बेल्जियममधलं लिएज आणि नेदरलँड्समधलं मास्त्रिख्त, दोन्हीकडे एका दिवसात जाऊन यायचं म्हणतोय. डॉइचलँड तिकीट चालेल ना? आणि मित्र म्हणतो पासपोर्ट घरी ठेव, बॉर्डरवर कोणी विचारत नाही.

उत्तर : मित्राचं ऐकू नको. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, येताना गाडीत पोलीस चढू शकतात. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड, दोन्ही खिशात हवं, मोबाईलमधला फोटो दाखवून वाद घालत बसू नये. त्या परमिटवर शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या, बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण लंडन त्यात येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा, हे अजूनही कुणीतरी विमानतळावर जाऊनच शिकतं.

तिकीट मात्र जर्मनीपुरतंच धरून चाल. सीमेजवळच्या काही स्टेशनांपर्यंत चालतं, पुढचं वेगळं काढावं लागतं, ॲपमध्ये नीट बघून घे. आणि जर्मनीतही ते फक्त लोकल-रीजनल गाड्यांना, आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चढलास तर बिनतिकीट समज.

एका दिवसात दोन्ही शहरं म्हणजे धावपळ होईल, मी असते तर रविवारी नुसतं लिएज केलं असतं. स्टेशनच बघण्यासारखं आहे, २००९ मध्ये सुरू झालेलं, कालात्रावा नावाच्या स्पॅनिश आर्किटेक्टने केलेलं, काचेची लाट असावी तसं. रविवारी सकाळी नदीकाठी ला बात नावाचा मोठा बाजार भरतो, चीज, कोंबड्या, भाज्या, कपडे, आपल्या आठवडी बाजारासारखाच आरडाओरडा, फक्त फ्रेंचमध्ये. दुपारपर्यंत आवरतात, म्हणून लवकर निघा. मग टेकडीवर नेणाऱ्या बुएरनच्या ३७४ पायऱ्या, सरळ एका रेषेत वर. ग्रुपमध्ये शाकाहारी कोणी असेल तर बेल्जियममधले फ्राईज विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते बैलाच्या चरबीत तळतात. लिएजचा वॉफल मात्र बिनधास्त खा, अंडं चालत असेल तर, पीठ पावासारखं फुगवलेलं आणि आत साखरेचे खडे, भाजताना ते वितळून बाहेर चिकटतात. वर चॉकलेट, क्रीम, स्ट्रॉबेरी घालून विकतात ते टुरिस्टांसाठी, तू साधाच घे, तव्यावरून काढलेला, कागदात गुंडाळून. दोन मिनिटं थांब, पाक जीभ भाजतो.