मेरापी ज्वालामुखीजवळच्या शहरात कुटुंबासह राहायला जाताना मोठ्या उद्रेकाची कोणती तयारी करावी?

आपण ऐरोलीहून पत्नी आणि दोन मुलांसह इंडोनेशियातील योग्याकार्ता येथे नोकरीनिमित्त जाणार आहात, मेरापी ज्वालामुखी तिथून सुमारे तीस किलोमीटरवर आहे, आणि मोठा उद्रेक झालाच तर जीव वाचवण्यासाठी काय करावे, असा आपला प्रश्न आहे. मी ठाण्यात भूशास्त्र शिकवते. लाव्हारसापासून पळावे लागेल ही कल्पना आपण आधी मनातून काढून टाकावी. मेरापीसारख्या ज्वालामुखीच्या परिसरात माणसे दगावतात ती मुख्यतः तप्त वायू आणि राखेच्या लोंढ्यात, चिखलाच्या पुरात किंवा राखेच्या भाराने कोसळलेल्या छपराखाली, आणि या तिन्ही संकटांना वेगवेगळे तोंड द्यावे लागते.

आपल्या ऐरोलीजवळचा पारसिकचा डोंगर ज्वालामुखीच्याच कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हारस वाहत राहिला आणि त्याचे थरावर थर साचले. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत दोन थरांच्या मध्ये जो लाल पट्टा दिसतो, ती दोन प्रवाहांमधल्या काळात तयार झालेली माती असते. मेरापीचा शिलारस वेगळ्या जातीचा आहे. त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) अधिक असल्याने तो घट्ट असतो, सहज वाहून जात नाही, त्यातला वायू कोंडून राहतो आणि विवराच्या तोंडाशी लाव्हाचा घुमट वाढत जातो. हा घुमट ढासळला किंवा आतल्या दाबाने फुटला, की शेकडो अंश तापमानाची राख, दगड आणि वायू यांचा लोंढा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने उतारावरून खाली येतो. त्यापुढे धावून, गाडीने किंवा घराची दारे लावून कोणी वाचेल असे समजू नये. लोंढा येण्यापूर्वी ती जागा सोडलेली असणे, एवढाच उपाय आहे.

तो उपाय किती परिणामकारक ठरतो, हे मेरापीनेच २०१० मध्ये दाखवून दिले. ऑक्टोबरच्या अखेरीस उद्रेक सुरू झाल्यावर प्रतिबंधित क्षेत्र दहावरून पंधरा आणि अखेर वीस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले; ५ नोव्हेंबरच्या पहाटे गेंडोल नदीच्या खोऱ्यातून लोंढा सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचला. त्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली, तरी वेळीच झालेल्या स्थलांतरामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. याउलट कोलंबियात १३ नोव्हेंबर १९८५ रोजी नेवादो देल रुईसच्या उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाच्या पुराने आर्मेरो शहर गाडले गेले. सुमारे तेवीस हजार माणसे मेली. धोक्याचा नकाशा त्याआधीच तयार होता, त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते, आणि पुराला शहरापर्यंत यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. चालत जवळच्या उंचवट्यावर जायला तेवढा वेळ पुरला असता. हे वर्गात शिकवताना मला आजही संताप येतो.

योग्याकार्ता शहर लोंढ्यांच्या नेहमीच्या टप्प्याबाहेर आहे, म्हणून आपला खरा संबंध राखेशी येईल. ही चुलीतली मऊ राख नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तिचे कण फुटलेल्या बांगडीच्या तुकड्यांसारखे धारदार दिसतात, कारण ते काच आणि खडकाचेच कण असतात. डोळे चोळले तर बुबुळावर ओरखडे उठतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात आणि डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा वापरावा. नाकातोंडावर रुमाल पुरेसा नाही. चेहऱ्याला नीट बसणारे एन-९५ मास्क इथूनच घेऊन जावेत, आणि मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचे मास्क बसत नसल्याने त्यांना शक्यतो घरातच ठेवावे. एसी बंद करावा, दाराखिडक्यांच्या फटींत ओले कपडे कोंबावेत, पाण्याची टाकी झाकावी.

छपराकडे लोकांचे सहसा दुर्लक्ष होते. दहा सेंटिमीटर ओल्या राखेचे वजन दर चौरस मीटरला शंभर ते दोनशे किलो भरते, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक ते दोन टन. फिलिपिन्समध्ये १५ जून १९९१ रोजी पिनातुबोचा मोठा उद्रेक झाला, त्याच दिवशी तिथे वादळी पाऊस आला, राख भिजून जड झाली आणि सुरुवातीचे बहुतेक बळी छपरे कोसळूनच गेले. त्यामुळे पत्र्याचे किंवा जवळजवळ सपाट कौलारू छप्पर असलेले घर घेऊ नये. काँक्रीटच्या स्लॅबचे घर पाहावे. गच्चीवरची राख थर जाड होण्यापूर्वी काढावी, उडू नये इतकीच किंचित ओली करावी, आणि पाण्याने गटारात मात्र ढकलू नये, कारण ती तिथे घट्ट बसून गटार तुंबते. ओली राख वीज वाहून नेते, तेव्हा वीज जाणार हे गृहीत धरून टॉर्च आणि पिण्याचे पाणी तयार ठेवावे.

उद्रेक थांबल्यावरही धोका टळत नाही. उतारावर साचलेली राख पुढच्या पावसाळ्यांत नद्यांमधून चिखल होऊन उतरते, आणि मेरापीवर उगम पावणाऱ्या काही नद्या थेट शहरातून वाहतात. नदीकाठचे घर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, आणि वरच्या भागात जोराचा पाऊस असताना पूल ओलांडू नका.

तिथे इशाऱ्याच्या चढत्या क्रमाने चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा (सावध), सिआगा (सज्ज) आणि आवास (धोका). मेरापीला नोव्हेंबर २०२० मध्ये तिसरी पातळी लागू झाली आणि पुढे कित्येक वर्षे ती कायम राहिली, म्हणून तिसऱ्या पातळीचे नाव ऐकून घाबरू नये. त्या दिवशी विवरापासून किती किलोमीटरवर आणि कोणत्या नद्यांच्या खोऱ्यांत जाण्यास मनाई आहे, ते पाहावे. उद्रेकात विमानतळ बंद होऊ शकतो, तेव्हा वाऱ्याबरोबर राख कुठे जाईल याचा विचार करून रस्त्याने किंवा रेल्वेने जकार्ताकडे निघण्याची वाट आधीच ठरवावी, पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवावेत आणि पोहोचताच जकार्तातील भारतीय दूतावासात कुटुंबाची नोंद करावी.