‘ब्लंट’ म्हणजे बोथट, मग माणूस ‘ब्लंट’ कसा असतो?

प्रश्न थोडक्यात असा: शब्दकोशात ‘ब्लंट’ म्हणजे ‘बोथट’ दिलं आहे, पण ऑफिसात ‘ही इज व्हेरी ब्लंट’ हे वाक्य तिखट बोलणाऱ्या माणसाबद्दल ऐकू येतं. दोन्ही अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

शब्दकोश बरोबर आहे, घोटाळा आपली मराठी करते. आपल्याकडे सुरी बोथट होते, आणि रोज त्याच त्या बातम्या वाचून मनही बोथट होतं. म्हणजे मराठीतला लाक्षणिक अर्थ ‘आता काही जाणवत नाही’ असा. इंग्रजीत ‘ब्लंट’ माणसाला लावला की तो भलतीकडेच जातो: समोरच्याला काय वाटेल याची फिकीर न करता मनातलं तोंडावर सांगणारा. तेव्हा वहीत एका शब्दापुढे दोन रकाने करा. वस्तूसाठी ‘बोथट, भोथरा’ आणि माणसासाठी ‘फटकळ, रोखठोक’. एकाच प्रतिशब्दात दोन्ही बसवायला गेलात की गाडी अडते.

दोन रकान्यांना जोडणारा धागा मात्र आहे. ज्या वस्तूचं टोक किंवा कड निमुळती नाही, ती ब्लंट. झिजलेली पेन्सिल ब्लंट. पार्लरमधला ‘ब्लंट कट’ही हाच: थर न देता केस खाली एका सरळ रेषेत कापलेले. बोलण्याचंही तसंच. ‘बघा हं, जमलं तर थोडं बदलता येईल का’ असं तासून, निमुळतं करून द्यायचं वाक्य ‘हे चुकलंय, परत लिहा’ असं जाडच्या जाड समोर ठेवलं की ते ब्लंट.

शवविच्छेदनाच्या अहवालांत ‘हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट’ असा उल्लेख येतो, म्हणजे लाठी, दगड, पाइप असं काही. धारदार हत्याराने त्वचा कापली जाते आणि जखमेच्या कडा सरळ असतात. बोथट वस्तूने मुका मार बसतो किंवा त्वचा चेचून फाटते, कडा वेड्यावाकड्या राहतात. हा फरक बोलण्याला लावून पाहा. ‘शार्प’ शेरा नेम धरून मारलेला असतो, समोरच्याला लागेल असं बोलायचंच असतं. ‘ब्लंट’ शेऱ्यात तसा नेम नसतो. तो नुसता वजनाने आदळतो. दुखवतात दोन्ही.

म्हणूनच विरुद्धार्थी शब्दही दोन लागतात, आणि परीक्षेत हमखास चूक होते ती इथे. सुरी ब्लंट नसेल तर ‘शार्प’. माणूस ब्लंट नसेल तर ‘टॅक्टफुल’, म्हणजे दुसऱ्याचा मान राखून बोलणारा. ‘शी इज शार्प’ म्हणजे ती हुशार आहे. ती गोड बोलते असा अर्थ त्यातून कधीच निघत नाही. अमेरिकेत बोथट सुरीला ‘डल नाइफ’ही म्हणतात, पण ‘डल’ माणूस म्हणजे कंटाळवाणा किंवा मंद. तिथे अदलाबदल करू नका.

शब्दाची छटा किती कडू आहे, हे जवळच्या शब्दांशेजारी ठेवल्यावर कळतं. ‘फ्रँक’ आणि ‘कँडिड’ यांत प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. ‘रूड’मध्ये सरळ उद्धटपणा आहे. ‘कर्ट’ म्हणजे तुटक; ब्लंट माणूस मात्र दहा मिनिटंही बोलू शकतो. ब्लंट या सगळ्यांच्या मधोमध, थोडा रूडच्या बाजूला झुकलेला. म्हणून मुलाखतीत स्वतःबद्दल ‘आय अ‍ॅम ब्लंट’ म्हणू नये. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ असं सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्याला ‘या माणसाला बोलण्याचं तारतम्य नाही’ असं ऐकू जातं. तिथे ‘स्ट्रेटफॉरवर्ड’ वापरा. साहेबांच्या अभिप्रायाचे आभार मानतानाही ‘ब्लंट फीडबॅक’ नको, ‘फ्रँक’ म्हणा. स्वतःच्या वाक्याआधी ‘टू बी ब्लंट’ जोडलेलं मात्र चालतं. ती ऐकणाऱ्याला दिलेली पूर्वसूचना असते.

मग आपलं ‘मन बोथट झालं’ इंग्रजीत कसं सांगायचं? ‘माय माइंड बिकेम ब्लंट’ चालणार नाही. क्रियापदापासून बनलेलं ‘ब्लंटेड’ घ्या, किंवा सरळ ‘नंब’. मानसोपचारात ‘ब्लंटेड अफेक्ट’ अशी संज्ञाच आहे: चेहऱ्यावर आणि आवाजात भावना फारच कमी उमटणं. आपल्या बोथटच्या सर्वांत जवळ हीच जागा येते.

वर्तमानपत्रात आणखी एक वापर भेटेल, ‘ब्लंट इन्स्ट्रुमेंट’. ज्या उपायाने नेमक्या जागी काम करता येत नाही, तो. व्याजदराबद्दल हे नेहमी लिहिलं जातं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला, तो महागाई आटोक्यात आणायला. पण रेपोशी जोडलेल्या गृहकर्जांचे हप्ते त्यासोबत वाढले, मग त्या घराचा महागाईत हात असो वा नसो. इथे ब्लंटचं भाषांतर ‘फटकळ’ही नाही आणि निव्वळ ‘बोथट’ही नाही. ‘सरसकट लागू होणारा उपाय’ असं लिहावं.

व्याकरण फारसं अवघड नाही. माणसापुढे ‘विथ’, विषयापुढे ‘अबाउट’: डॉक्टर ‘ब्लंट विथ हिम’ होते, ‘ब्लंट अबाउट द रिस्क’ होते. तुलनेत ‘ब्लंटर, ब्लंटेस्ट’. नकार, प्रश्न, इशारा, उत्तर या चौघांना हे विशेषण सहज चिकटतं.

सरावाला तीन वाक्यं घ्या. ‘विळी बोथट झाली.’ ‘त्याने तोंडावर नाही म्हटलं.’ ‘मार खाऊन खाऊन पोर कोडगं झालं.’ पहिल्या दोन्हींत ‘ब्लंट’ बसतो, दुसऱ्यात ‘ब्लंट रिफ्यूजल’ म्हणून. तिसऱ्यात बसवायचा मोह होईल, पण तिथे ‘हार्डन्ड’ लागतं.